काळी मोली मेली की संकट टळतं म्हणे

आमच्या इंदूरला हल्ली बऱ्याच घरांत टीव्हीच्या बाजूला एक फिशटँक दिसतो, आणि त्यातला हिशोब पण ठरलेला, आठ सोनेरी मासे आणि एक काळा. वास्तूवाले सांगतात, फेंगशुईवाले सांगतात, आणि रामबागेतल्या काकू लोकमान्य नगरातल्या काकूंना सांगतात. काळी गोल्डफिश महाग पडते, नेहमी मिळतही नाही, म्हणून दुकानदार नववा मासा म्हणून काळी मोली देतो, "ये लो भिया, काम वही करेगी". मग पंधरा-वीस दिवसांत ती मोली मरते आणि घरात चक्क समाधान पसरतं, की बघा, घरावरचं संकट तिनं अंगावर घेतलं. लगेच दुसरी मोली येते. ती पण जाते. आता लागोपाठ चार मोल्या संकट घेऊन गेल्या तर त्या घरात संकटं फार आहेत की त्या पाण्यात काहीतरी आहे, एवढं तरी कुणीतरी विचारायला पाहिजे ना!

तर पाण्याबद्दलच बोलू, कारण मोलीचं सगळं जगणं-मरणं तिथेच ठरतं.

मोली मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, तिची सेलफिन नावाची मोठ्या पराची बहीण फ्लोरिडाकडच्या किनाऱ्यावरही सापडते. नद्या, पाणथळ जागा आणि मुख्य म्हणजे खाड्या, जिथे गोडं आणि समुद्राचं पाणी एकमेकांत मिसळतं. चुनखडीचा प्रदेश, त्यामुळे गोडं पाणीसुद्धा भरपूर कॅल्शियमवालं. कोळशासारखी काळी मोली तर माणसानं निवडून निवडून तयार केलेली आहे, निसर्गातल्या मोल्या बहुतेक करड्या-रुपेरी असतात. म्हणजे जिला आपण नजर काढायला आणतो तिचा रंगच मुळात मत्स्यपालकांच्या हौसेचा आहे.

आता माझ्या आवडीचा भाग, इथे थोडं लांबेल.

शाळेत बेदाणे पाण्यात टाकून फुगवलेले आठवतात? परासरण. पातळ द्रावणातलं पाणी पडद्यातून घट्ट द्रावणाकडे जातं. गोड्या पाण्यातला मासा चोवीस तास त्या बेदाण्याच्या जागी असतो. त्याच्या रक्तातले क्षार साधारण आपल्या सलाइनइतके, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मिठाच्या आसपास, आणि बाहेरच्या पाण्यात त्या मानानं जवळजवळ काहीच नाही. कल्ले तर ऑक्सिजन घ्यायला म्हणून मुद्दाम पातळ ठेवलेले, त्यामुळे तिथून पाणी सारखं आत घुसतं आणि सोडियम, क्लोराइड सारखे बाहेर गळतात. म्हणून गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळपास पीतच नाही, उलट त्याची किडनी दिवसभर भरपूर, पातळ लघवी बाहेर टाकत असते. पण लघवीबरोबरही थोडे क्षार जातातच, मग ते परत आणायचे कुठून? थोडे खाण्यातून आणि बाकीचे कल्ल्यांतून. कल्ल्यांवर काही खास पेशी असतात, मायटोकाँड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांनी खच्चून भरलेल्या, आणि त्या एटीपी हे पेशीचं इंधन खर्च करून त्या विरळ पाण्यातून एकेक सोडियम आणि एकेक क्लोराइड आयन ओढून आत घेतात. 1932 साली अँसेल कीज आणि एडवर्ड विल्मर यांनी ईल माशाच्या कल्ल्यांत या पेशींचं वर्णन केलं आणि त्यांना क्लोराइड पेशी हे नाव पडलं (हे तेच कीज, जे पुढे आहारातली चरबी आणि हृदयविकार यावरच्या कामामुळे गाजले). त्याच दशकात डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी दाखवलं की गोड्या पाण्यातले मासे अगदी विरळ पाण्यातूनसुद्धा क्लोराइड खेचून घेऊ शकतात.

यातली गंमत म्हणजे समुद्रातल्या माशात असंच यंत्र उलट दिशेनं चालतं, तिथे जास्तीचं मीठ बाहेर फेकायचं असतं. मोली दोन्ही करू शकते. हळूहळू सवय लावली तर ती पूर्ण समुद्राच्या पाण्यात, लिटरला 35 ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यातसुद्धा जगते. हे ऐकून लोक म्हणतात, मग तर एकदम चिवट मासा! आहेच चिवट, पण एका दिशेनं. खाऱ्याकडे नेलं तर जमवून घेते, अगदी क्षारहीन पाण्याकडे नेलं की तिची दमछाक होते. याचं एक कारण कॅल्शियम. कल्ल्यातल्या पेशी एकमेकींना जिथे चिकटलेल्या असतात ते सांधे घट्ट राहायला पाण्यातलं कॅल्शियम मदत करतं. पाण्यात कॅल्शियम कमी की सांधे सैल, सांधे सैल की गळती जास्त, गळती जास्त की त्या क्लोराइड पेशींचे पंप जास्त चालवायचे, म्हणजे खाल्लेलं अन्न वाढीला आणि रोगप्रतिकाराला जायच्या ऐवजी नुसतं मीठ सांभाळण्यात जातं. अशी मोली पर अंगाला चिकटवून घेते आणि जागच्या जागी डावी-उजवी डुलत राहते. इंग्रजीत याला शिमी म्हणतात, दुकानात मला "डान्स कर रही है" असं कौतुकानं दाखवलं गेलंय.

आता सांगा, घरात माशाला सगळ्यात चांगलं पाणी म्हणून कुठलं देतात? आरओचं! स्वतः पितो तेच, एकदम शुद्ध. आरओचा पडदा नेमके तेच क्षार काढून टाकतो जे मोलीला हवे असतात. वर टीडीएस मीटर घेऊन फिरणारे सेल्समन आहेतच, आकडा जितका कमी तितकं पाणी चांगलं अशी समजूत त्यांनी घरोघरी पोचवली आहे. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा फक्त अंदाज देतो, ते क्षार कुठले हे त्याला काही कळत नाही, जंतू तर नाहीच नाही. मोलीच्या बाबतीत तर 40 टीडीएसचं पाणी वाईट आणि आपल्या बोरिंगचं 500-600 वालं, बादलीवर पांढरे डाग पाडणारं, गिझरची कॉइल खाणारं पाणी छान. माळव्याखाली सगळा बेसाल्टचा खडक, त्यातून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट चांगले असतात, ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून आई वैतागते ते पाणी मोलीला मानवतं. नर्मदेचं नळाचं पाणीही चालतं, फक्त त्यात क्लोरीन असतो आणि तो कल्ले जाळतो, म्हणून बादलीत भरून एक दिवस उघडं ठेवा किंवा अँटिक्लोरीनचे थेंब टाका (ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, काही जादू नाही). तसंही नळ बऱ्याच भागात एक दिवसाआड येतो, पाणी साठवायची सवय आपल्याला आहेच.

बरं, पाणी योग्य असूनही नव्या टँकमधे मोली मरते, त्याचं कारण दुसरं आणि ते परत त्याच कल्ल्याच्या पेशीपाशी येऊन पोचतं, म्हणूनच मला हा विषय एवढा आवडतो.

मासा आपल्यासारखा युरिया करत बसत नाही, बहुतेक नायट्रोजन सरळ अमोनिया म्हणून कल्ल्यांतून बाहेर टाकतो. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात, प्रभार असलेलं अमोनियम, जे त्या मानानं निरुपद्रवी, आणि प्रभार नसलेलं अमोनिया, जे विषारी. कुठलं किती हे पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा, ठरवतो. 25 अंशाला पीएच 7 असेल तर विषारी भाग अर्धा टक्क्याच्या जरा वर, पीएच 8 झाला की 5 टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळपास दहापट. आता मोलीला आवडणारं कठीण पाणी 7.5 ते 8.5 पीएचचं असतं, म्हणजे जे पाणी तिला मानवतं त्याच पाण्यात तिचीच घाण जास्त विषारी होते! म्हणून मोलीच्या टँकमधे अमोनिया शून्य पाहिजे, थोडासा चालेल असं नाही. (चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणाहून लांबच्या प्रवासाच्या पिशवीत मासे येतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया साठला तरी दबून राहतो, आणि पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया एकदम विषारी होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासन्‌तास ठेवू नका, आणि तिच्यातलं पाणी टँकमधे ओतू नका.)

अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर वसायला काही आठवडे लागतात, आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे त्यांच्याही मागून येतात. मधल्या काळात पाण्यात नायट्राइट साठतं. कल्ल्यातला जो वाहक क्लोराइड आत घेतो तो नायट्राइटलाही आत घेतो, कारण दोन्ही ऋण प्रभाराचे आयन आणि वाहकाला फरक ओळखता येत नाही, उलट मासा क्लोराइडसाठी जितका जोर लावेल तितकं नायट्राइट जास्त आत येतं, अगदी बाहेरच्या पाण्याच्या कितीतरी पट रक्तात साठतं. रक्तात गेल्यावर ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं फेरसचं फेरिक करतं, त्याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात, आणि ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. पाण्यात हवेचा पंप भसाभसा चालू आणि मासा वर येऊन धापा टाकतोय, कल्ले लाल असायच्या ऐवजी तपकिरी, हे ते. तान्ह्या बाळांना नायट्रेटवाल्या विहिरीच्या पाण्यानं निळेपणा येतो त्यामागेही हेच मेथहिमोग्लोबिन.

मग उपाय काय? क्लोराइड वाढवा! वाहक तेवढेच आहेत, पाण्यात क्लोराइड भरपूर असेल तर नायट्राइटला जागा मिळत नाही. अमेरिकेत कॅटफिशच्या तळ्यांत नायट्राइटच्या किमान दहापट क्लोराइड ठेवायचा नियमच आहे. लिटरला 1 ग्रॅम साधं मीठ टाकलं की 600 मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड मिळतं, म्हणजे घरच्या टँकसाठी पुरून उरेल. दोन फुटी टँक, 2 बाय 1 बाय 1 फुटाचा, खडी सोडून साधारण 50 लिटर धरा, तर 50 ग्रॅम. वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन-तीन हप्त्यांत घाला. जाडं मीठ चालेल, सैंधवही चालेल, आयोडीनवाल्या मिठाची उगाच भीती घालतात, त्यातलं आयोडीन दशलक्षात पंधरा-तीस भाग, त्यानं मासा मरत नाही. आणि मीठ वाफेबरोबर उडत नाही, तेव्हा नुसतं उडालेलं पाणी भरताना परत मीठ टाकू नका, पाणी बदलाल तेव्हा बदललेल्या पाण्यापुरतंच टाका.

इथेच दुसरा घोटाळा होतो. मोलीला मीठ लागतं हे कुठेतरी ऐकून लोक आरओच्या पाण्यात मीठ घालतात आणि वाटतं झालं काम. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, त्यात कॅल्शियम नाही, बायकार्बोनेट नाही. शिवाय बॅक्टेरिया अमोनिया खाताना आम्ल तयार करतात, ते मारायला बायकार्बोनेट लागतं, ते नसेल तर पीएच घसरतो आणि मग बॅक्टेरियाच मंदावतात. म्हणजे कठीण पाणी असेल तर मीठ रोज लागत नाही, नायट्राइटच्या काळात किंवा आजारपणात लागतं, आणि पाणी मृदू असेल तर मीठ पुरत नाही, फिल्टरमधे जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपले किंवा संगमरवराची खडी ठेवा, हळूहळू विरघळत राहते.

त्या बॅक्टेरियांचं एक सांगायलाच पाहिजे. शंभर वर्षांहून जास्त काळ असं मानलं जायचं की अमोनिया खाणारे फक्त काही बॅक्टेरियाच. 2005 मधे सिअॅटलच्या मत्स्यालयातल्या एका टँकमधून चक्क आर्किया (बॅक्टेरियासारखाच एकपेशी, पण वेगळ्याच वंशाचा जीव) वेगळा केला गेला जो हेच काम करतो, आणि 2015 मधे कळलं की नायट्रोस्पायरा कुळातले काही बॅक्टेरिया अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही पायऱ्या एकटेच पार करतात. तर असल्या मंडळींचं घर म्हणजे तो काळपट, घाण दिसणारा स्पंज. त्याला दर रविवारी नळाखाली साबण लावून घासू नका हो! टँकच्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, बस. नवा टँक लावताना कुणा ओळखीच्याकडून वापरलेला स्पंज मागून आणा, बाटलीबंद बॅक्टेरियापेक्षा मला त्यावर जास्त भरवसा. आठवड्याला पाव भाग पाणी बदललं की साठलेलं नायट्रेटही काबूत.

आठ गोल्डफिश आणि एक मोली हे गणितच मुळात चुकीचं. गोल्डफिश थंड पाण्यातली, 18 ते 22 अंशांत खूश, आणि घाण प्रचंड करते. मोलीला 24 ते 28 लागतं. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हीटर नसेल तर मोलीवर पांढरे ठिपके येतातच, ते इक नावाच्या परजीवीचे. मे महिन्यात उलटी पंचाईत, 20 अंशाला पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या जरा वर ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसातच्या आसपास, म्हणून उन्हाळ्यात रात्री एअर पंप बंद करून झोपू नका.

खाण्याचं फार काही नाही. मोली शेवाळ खाते, काचेवरून ओरबाडत फिरते, तेव्हा उकडलेला पालक, सोललेला वाटाणा, वनस्पतीचा अंश असलेले फ्लेक्स, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. बलून मोली मात्र घेऊ नका असं मी सांगेन, ते गोल गोंडस पोट म्हणजे वाकडा मणका आहे.

आणि पिल्लं होणारच. मोली अंडी घालत नाही, चार आठवड्यांच्या आसपास जिवंत पिल्लं देते, आणि मादी नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादी आणली तरी लागोपाठ काही वेळा पिल्लं होतात, लोक मग त्यातही चमत्कार शोधतात. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकीचाच पिच्छा पुरवतो. पिल्लं नकोच असतील तर सगळे नर आणा. पोटाखालचा मागचा पर नराचा बारीक काडीसारखा असतो, मादीचा पंख्यासारखा त्रिकोणी. दुकानदार घाईत जाळी मारतो, तेव्हा पिशवीला रबर लावायच्या आधी उजेडात धरून स्वतः बघा.