डी-डायमर नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही: या टेस्टच्या मागचा इतिहास

कोविडच्या दुसऱ्या लाटेत डी-डायमर, म्हणजे रक्तात गुठळ्या होतायत का याचा अंदाज देणारी टेस्ट, हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. पण कोविड होऊन गेल्यावर ज्यांचा थकवा महिनोन् महिने गेलाच नाही, एक जिना चढला की दोन दिवस अंथरुणात, त्यांची हीच टेस्ट बऱ्याचदा नॉर्मल येते आणि मग घरचेच म्हणायला लागतात की तुझ्या मनाचे खेळ आहेत. फार वाईट वाटतं हे ऐकून, कारण हा प्रश्न कोविडच्या कितीतरी आधीचा आहे.

१९९९ मध्ये अमेरिकेत फिनिक्सच्या हेमेक्स लॅबमधल्या डेव्हिड बर्ग यांनी मांडलं की क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये (विश्रांती घेऊनही न जाणाऱ्या थकव्याचा आजार) मोठी गुठळी होत नाही, पण बारीक रक्तवाहिन्यांत फायब्रिन, म्हणजे गुठळी बांधणारं धाग्यासारखं प्रथिन, साचत राहतं आणि पेशींना ऑक्सिजन कमी पडतो. त्यांनी पाच टेस्टचं पॅनेल काढलं, फायब्रिनोजेन, सोल्युबल फायब्रिन, प्लेटलेट वगैरे, त्यातल्या दोन बिघडलेल्या आल्या तर पॉझिटिव्ह. काही डॉक्टर त्यावरून कमी डोसचं हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषधही द्यायचे. पण २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमधल्या टीमने तपासलं तर पेशंट आणि निरोगी लोक यांच्यात तसा फरक दिसला नाही, आणि विषय मागे पडला.

तो परत वर आला २०२१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश युनिव्हर्सिटीच्या रेसिया प्रिटोरियस यांच्यामुळे. लाँग कोविडच्या, म्हणजे कोविडनंतर त्रास रेंगाळलेल्या पेशंटच्या रक्तातून प्लेटलेट काढून टाकलेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग), त्यात थायोफ्लेविन टी नावाचा रंग, अर्धा तास थांबायचं आणि थेंब काचेवर घेऊन फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघायचं, तर हिरवे चमकणारे ठिपके. हेच मायक्रोक्लॉट, म्हणजे अगदी बारीक गुठळ्या. ते सहज विरघळत नाहीत, आणि डी-डायमर तर फायब्रिनची गुठळी विरघळतानाच तयार होतं, म्हणून रिपोर्ट नॉर्मल, असं त्यांचं म्हणणं. मला हा खुलासा पटण्यासारखा वाटतो, पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. २०२२ मध्ये त्यांच्याच टीमला जुन्या एमई/सीएफएसच्या (क्रॉनिक फटीग सिंड्रोमचंच दुसरं नाव) पेशंटमध्येही ते दिसले, लाँग कोविडपेक्षा कमी.

मात्र असे कण निरोगी लोकांतही सापडतात, आणि २०२३ च्या कोक्रेन रिव्ह्यूने (उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा) सांगितलं की एवढ्या पुराव्यावर, नीट आखलेल्या क्लिनिकल ट्रायलबाहेर, ते काढण्यासाठी प्लाझ्मा गाळायचे उपचार करू नयेत. जर्मनीत तोवर कितीतरी पेशंट स्वतःची पुंजी मोडून रक्त गाळून आले होते. ठिपके मोजायची सगळ्यांनी मान्य केलेली एक पद्धत अजून ठरलेली नाही, आणि नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ही टेस्ट होतही नाही.