टेंप्लर

टेंप्लर : पॅलेस्टाइनमधील ख्रिस्ती यात्रेकरूंच्या रक्षणासाठी बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात जेरूसलेम येथे स्थापन झालेला योद्ध्यांचा धर्मसंघ. जेरूसलेमचा राजा दुसरा बॉल्डविन याने त्यांना अल्-अक्सा मशिदीत राहण्यास जागा दिली. धर्मयुद्धवाले (क्रूसेडर) या वास्तूला ‘सॉलोमनचे मंदिर’ म्हणत, त्यावरून ‘टेंपल’वाले म्हणजे टेंप्लर हे नाव रूढ झाले.

१०९९ मध्ये धर्मयुद्धवाल्यांनी जेरूसलेम जिंकले, तरी याफा बंदरापासून शहरापर्यंतची वाट धोक्याचीच राहिली. १११९ च्या ईस्टरला जॉर्डन नदीकडे निघालेल्या ७०० यात्रेकरूंपैकी ३०० मारले गेले व ६० धरले गेले, असे बखरकार आखेनचा आल्बर्ट सांगतो. आकडे बखरीतले आहेत, तेव्हा ते त्याच बेताने घ्यावेत. शँपेन प्रांतातील सरदार यूग द पेयाँ व त्याच्या सोबत्यांनी जेरूसलेमच्या धर्मगुरूसमोर ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालनाची शपथ घेतली, ती या सुमारास.

स्थापनावर्षाविषयी मतभेद आहेत. इतिहासकार टायरचा विल्यम ते १११८ देतो; पण त्याने लिहिले ते अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, आणि तारखांच्या बाबतीत त्याचा हात अनेकदा चुकतो. संघाला नियमावली देणाऱ्या, फ्रान्समधील त्र्वा येथील धर्मपरिषदेच्या लेखात संत हिलरीचा सण (१३ जानेवारी), इसवी सन ११२८ आणि संघाचे नववे वर्ष असा उल्लेख आहे. मात्र त्या भागात नवे वर्ष मार्चमध्ये धरण्याची रीत होती. आपल्याकडे पौष-माघ जसे सरत्या शकात मोजले जातात, तशी ती जानेवारी जुन्या वर्षात मोजली गेली. म्हणजे आजच्या गणनेने परिषद ११२९ ची. रूडोल्फ हीस्टांट यांनी १९८८ मध्ये मांडलेले हे मत आता बहुतेकांनी स्वीकारले आहे. फ्लँडर्सच्या काउंटचे सप्टेंबर ११२८ चे दानपत्रही संघाचे नववे वर्षच सांगते. दोन्ही लेख जुळवले की स्थापना ११२० च्या जानेवारी ते सप्टेंबर या काळात पडते. जानेवारी ११२० मध्ये नाब्लुस येथे भरलेल्या सभेने धर्मगुरूंना स्वसंरक्षणार्थ शस्त्र धरण्याची मुभा दिली होती. तिच्या ठरावांत टेंप्लरांचे नाव नाही, पण वारे कोणत्या दिशेने वाहत होते ते त्यावरून दिसते.

आरंभीच्या नऊ वर्षांत नऊच सरदार होते, हेही विल्यमचेच म्हणणे. बखरकार सिरियन मायकेल तीस सांगतो. नवाला नऊ जुळवलेला दिसतो.

मूळ लॅटिन नियमावलीवर क्लेअरव्होचा मठाधिपती सेंट बर्नार्ड याची छाप आहे. भांडी अपुरी म्हणून दोघांनी एका वाडग्यात जेवावे. प्रत्येक सरदारास तीन घोडे व एक मदतनीस. शिकार वर्ज्य, अपवाद फक्त सिंहाचा. लगाम-रिकिबींना सोन्यारुप्याचा साज चालत नसे. तसा जुना साज कोणी दान दिलाच, तर चकाकी दिसणार नाही असा रंग त्यावर चढवावा, असे कलम आहे. ११३९ मध्ये पोपने संघाला थेट आपल्या अधिकाराखाली घेतले. पांढऱ्या झग्यावरील तांबडा क्रूस त्यानंतरचा, बहुधा ११४७ चा.

दानांतून यूरोपभर मालमत्ता झाली, यात्रेकरूंच्या ठेवी येऊ लागल्या आणि फ्रान्सच्या राजाचा खजिना पॅरिसच्या टेंप्लर मठात राहू लागला. १२९१ मध्ये धर्मयुद्धवाल्यांचे पॅलेस्टाइनमधील अखेरचे मोठे ठाणे एकर हे शहर पडल्यावर मात्र संघाचे मूळ कामच संपले. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने १३ ऑक्टोबर १३०७ रोजी आपल्या राज्यातील टेंप्लरांना अटक केली. पाखंडाच्या कबुल्या बव्हंशी छळातून मिळवलेल्या होत्या. १३१२ मध्ये पोप पाचवा क्लेमेंट याने संघ विसर्जित केला, पण दोषी ठरवला नाही. मालमत्ता हॉस्पिटलर या योद्ध्यांच्या दुसऱ्या धर्मसंघाकडे गेली. अखेरचा प्रमुख झाक द मोले याला १३१४ च्या मार्चमध्ये जाळण्यात आले. ११ की १८ तारीख, याबद्दल एकमत नाही. गुप्त खजिन्याच्या कथा पुष्कळ नंतरच्या असून त्यांचा येथे विचार केलेला नाही.

पोर्तुगालमध्ये राजा दिनिश याने टेंप्लरांची मालमत्ता हॉस्पिटलरांकडे जाऊ दिली नाही. १३१९ मध्ये तिच्यावर ‘ख्रिस्ताचा संघ’ उभा राहिला. याच संघाचा क्रूस पुढे पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर आला. १४५६ च्या पोपच्या आज्ञापत्राने समुद्रापारच्या मुलखांचा धर्माधिकार संघाच्या तोमार येथील मठाकडे आला. त्यामुळे १५१० मध्ये जिंकलेले गोवे धर्मकारभारापुरते आधी तोमारखाली, १५१४ पासून मदेइरा बेटावरील फुंशालच्या बिशपखाली होते. गोव्याला स्वतःचे धर्मपीठ १५३४ मध्ये मिळाले.