चोरी हासुद्धा रोजगारच

२०२५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूकचा ‘नो अदर चॉइस’ पहिल्यांदा दाखवला गेला. त्याचाच आधीचा ‘ओल्डबॉय’ पाहून ज्यांची झोप उडाली होती, ती मंडळी तेव्हापासून या सिनेमाबद्दल बोलताहेत. कागदधंद्यात उमेदीची वर्षं घातलेल्या माणसाची नोकरी जाते, आणि पुढची नोकरी आपल्यालाच मिळावी म्हणून तो आपल्याहून लायक उमेदवारांना एकेक करून संपवायला निघतो. गोष्ट कोरियात घडत असली तरी मूळ कादंबरी अमेरिकन आहे: डोनाल्ड ई. वेस्टलेकची ‘द ॲक्स’, १९९७ सालची. कोस्ता-गाव्रासने २००५ मध्ये तिच्यावर फ्रेंच सिनेमाही केला होता.

मराठीत वेस्टलेकचं नाव फारसं कुणी घेत नाही. अगाथा ख्रिस्ती ठाऊक असते, जेम्स हॅडली चेस तर रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलमुळे घरोघरी पोचला. वेस्टलेकने शंभराच्या वर पुस्तकं लिहिली, पण ती इतक्या वेगवेगळ्या नावांनी की अमेरिकेतल्या वाचकांनाही बरीच वर्षं पत्ता नव्हता. खुनाची इतकी हिशेबी, इतकी कारकुनी गोष्ट त्याला सुचली कशी, हे कळायला त्याची सुरुवातीची वर्षं पाहावी लागतात.

जन्म १२ जुलै १९३३, ब्रुकलिनचा. लहानपण आल्बनीत गेलं. मधे काही काळ हवाई दलात काढून तो न्यूयॉर्कला आला आणि १९५८ च्या सुमारास स्कॉट मेरिडिथ या साहित्यिक एजंटच्या कचेरीत लागला. तिथलं काम मासलेवाईक होतं. होतकरू लेखक फी भरून हस्तलिखितं पाठवायचे. ती वाचून नकाराची पत्रं लिहायला पगारी पोरं बसवलेली असायची आणि पत्राखाली सही मात्र मेरिडिथसाहेबांची. दुसऱ्याच्या नावाने, ठरलेल्या साच्यात, दिवसाकाठी ठरलेला मजकूर पाडायचा. लॉरेन्स ब्लॉक हा पुढचा मोठा रहस्यकथाकारही याच कचेरीतून वर आला.

त्याच काळात वेस्टलेक ‘ॲलन मार्शल’ या नावाने पिवळी पुस्तकं लिहीत होता. त्या काळच्या मानाने चावट, आजच्या मानाने सोवळी. पैसे पुस्तकावर, ठोक. पुढे १९७० मध्ये ‘आदिओस, शेहेराझाद’ या कादंबरीत त्याने त्या धंद्याची मनसोक्त टर उडवली. तिचा नायक असाच भाडोत्री लेखक आहे. मुदत डोक्यावर आली आहे, तो पहिलं प्रकरण लिहायला बसतो, आणि चावट मजकुराऐवजी स्वतःच्या फाटक्या संसाराचं रडगाणं कागदावर उतरत जातं. पानं फुकट गेली म्हणून तो पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरू करतो. पुन्हा तेच. लिहिण्याला हमालीचं काम मानणाऱ्या माणसालाच हा विनोद जमतो, असं मला वाटतं.

स्वतःच्या नावाची पहिली कादंबरी १९६० ची, रँडम हाउसने काढलेली. एडगर या रहस्यकथांसाठीच्या अमेरिकन पुरस्काराच्या पदार्पण विभागात तिला नामांकन मिळालं. पण खरं वळण आलं १९६२ मध्ये. बसने चुकीच्या बाजूला उतरवल्यामुळे वेस्टलेकला जॉर्ज वॉशिंग्टन पूल पायी ओलांडावा लागला होता. वारा, पायाखाली थरथरणारा पूल, आणि शेजारून वेगाने जाणाऱ्या गाड्या. असा पूल पायी ओलांडणारा माणूस किती पेटलेला असेल, या विचारातून पार्कर जन्मला. पार्कर दरोडेखोर आहे; थंड, कामापुरतं बोलणारा. ‘द हंटर’च्या मूळ शेवटात तो पकडला जात होता. पॉकेट बुक्सचा संपादक बकलिन मून म्हणाला, याला निसटू दे आणि वर्षाला अशी दोन-तीन पुस्तकं दे. या मालिकेसाठी वेस्टलेकने ‘रिचर्ड स्टार्क’ हे नाव घेतलं. त्यातला रिचर्ड आला नट रिचर्ड विडमार्कवरून.

‘द हंटर’मधली विनोदाची जात नीट पाहण्यासारखी आहे, कारण वरवर तिथे विनोद नाहीच. पार्करचा वाटा होता ४५ हजार डॉलर. साथीदाराने तो लांबवला आणि गुन्हेगारी टोळीचं स्वतःचं कर्ज फेडलं. पार्कर टोळीच्या वरिष्ठांकडे जातो आणि म्हणतो, माझे ४५ हजार द्या. एक डॉलर जास्त नको, एक कमी नको. टोळीचे साहेब चक्रावतात. सूट घालून केबिनमध्ये बसणारी ही माणसं. त्यांच्या लेखी हा वाद त्यांचा नाहीच, तो परस्पर मिटवायचा. थकबाकीसाठी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवल्या जाणाऱ्या माणसाचीच ही कहाणी, फक्त या माणसाच्या खिशात पिस्तूल आहे. जॉन बूरमनने १९६७ मध्ये ली मार्विनला घेऊन यावर ‘पॉइंट ब्लँक’ केला, तेव्हा रक्कम ९३ हजार झाली. १९९९ च्या ‘पेबॅक’मध्ये ७० हजार. हेका मात्र तोच राहिला.

खुद्द लेखकावरही अशी वेळ आली. स्टार्कच्या ‘द जगर’ या कादंबरीवरून फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६६ मध्ये ‘मेड इन यू.एस.ए.’ केला आणि हक्कांचे पैसे बुडाले. वेस्टलेक कोर्टात गेला. त्या भानगडीत अमेरिकेत हा सिनेमा २००९ पर्यंत रीतसर लागला नाही. गंमत अशी की ‘द जगर’ ही पार्कर मालिकेतली सगळ्यात फसलेली कादंबरी, असं वेस्टलेकचं स्वतःचंच मत होतं.

उघड विनोदाकडे तो वळला १९६५ च्या ‘द फ्युजिटिव्ह पिजन’मध्ये. दोन वर्षांनी आलेल्या ‘गॉड सेव्ह द मार्क’ला एडगर मिळालं, तिचा नायक शहरातल्या झाडून सगळ्या भामट्यांकडून फसवून घेणारा भोळासांब आहे. मात्र त्याची खरी जादू दिसते ती डॉर्टमंडरच्या पुस्तकांत, आणि ती मालिका अपघाताने सुरू झाली. वेस्टलेक पार्करची पुढची गोष्ट रचत होता. कल्पना अशी की एकच वस्तू पुन्हापुन्हा चोरावी लागते. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला मामला हास्यास्पद होणार, आणि पार्कर हसं होऊ देणारा गडी नव्हे. मग ती गोष्ट दुसऱ्याला दिली. या दुसऱ्याचं नाव मिळालं बारमधल्या एका पाटीवरून; डॉर्टमुंड गावच्या जर्मन बिअरची जाहिरात होती ती.

१९७० च्या ‘द हॉट रॉक’मध्ये जॉन डॉर्टमंडर आणि त्याची टोळी एक पाचू चोरते. न्यूयॉर्कच्या कोलिसियममधल्या प्रदर्शनातून तो उचलला जातो खरा, पण साथीदार पकडला जातो. म्हणून आधी त्याला तुरुंगातून काढायचं. पाचू त्याने पोलीस ठाण्यात लपवलाय, म्हणून ठाण्यावर हेलिकॉप्टरने उतरायचं. तोवर वकिलाने तो हलवलेला असतो आणि वकील स्वतः मनोरुग्णालयात जाऊन बसलेला, म्हणून तिथली भिंत फोडायला रेल्वेचं इंजिन. त्यानंतर बँक. काम देणाऱ्या आफ्रिकी मेजरकडे दरवेळी नवी मागणी जाते आणि तो बिचारा आधी हेलिकॉप्टर, मग इंजिन मंजूर करत बसतो. सरकारी प्रकल्पाचा खर्च कसा वाढतो हे ज्याने पाहिलंय, त्याला हे वाचताना वेगळंच हसू येतं. योजना सगळ्या बिनचूक आहेत, करणारे कसबी आहेत, तरी हाती काही लागत नाही. डॉर्टमंडर हा अपयशी नाही. तो कामात हुशार आणि नशिबाने करंटा आहे. विनोद या फरकावर उभा आहे, आणि विल्यम गोल्डमनने पटकथा लिहिलेल्या १९७२ च्या सिनेमात रॉबर्ट रेडफर्डसारखा राजबिंडा डॉर्टमंडर घेतल्यावर तो बराचसा पातळ झाला, हे माझं मत.

या मालिकेतली माझी आवडती जागा म्हणजे ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवरचा ओ. जे. बार. मागच्या खोलीत टोळीच्या बैठका होतात. बारवाला रोलो गिऱ्हाइकांना नावाने ओळखतच नाही, तो ओळखतो पेयाने. ‘बिअर आणि मीठ’ मागे जाऊन बसलाय, असं तो डॉर्टमंडरला सांगतो. हा बिअर आणि मीठवाला म्हणजे स्टॅन मर्च, टोळीचा ड्रायव्हर. गाडी चालवायची असते म्हणून तो एकच बिअर पुरवून पुरवून पितो, आणि फेस बसला की चिमूटभर मीठ टाकून परत आणतो. त्याची आई टॅक्सी चालवते. दोघांचं कोणत्या रस्त्याने यायला हवं होतं यावर कधी एकमत होत नाही. टोळीतल्याच अँडी केल्पला गाडी चोरायची तर ती डॉक्टरचीच लागते, कारण डॉक्टरांना वेदना म्हणजे काय ते कळतं, त्यामुळे गाड्या घेताना ते आरामाकडे लक्ष देतात. हे सगळं इतक्या गंभीरपणे येतं की चोरी हे काम आहे आणि हे त्या कामाचे बारकावे, असं वाचणारा केव्हा मान्य करतो ते त्याचं त्यालाच समजत नाही.

पुढे १९७४ च्या ‘जिमी द किड’मध्ये याच केल्पला तुरुंगात रिचर्ड स्टार्कची कादंबरी सापडते. त्यातल्या पार्करने अपहरण कसं केलं ते वाचून तो म्हणतो, आपणही हेच, असंच करू. पुस्तकात सगळं सुतासारखं सरळ होतं, प्रत्यक्षात व्हायचं तेच होतं. आपल्याच एका नावाने लिहिलेल्या धाटणीची दुसऱ्या नावाने अशी खिल्ली उडवायला जिगर लागते. योगायोग म्हणा की आणखी काही, त्याच वर्षी स्टार्क गप्प झाला. सोळा कादंबऱ्यांनंतर वेस्टलेकला तो आवाज सापडेना, आणि तो तेवीस वर्षं सापडला नाही.

मधल्या काळात त्याने बरंच काही केलं, सगळं सांगण्याची गरज नाही. १९८२ ची ‘कहावा’ मात्र वगळता येत नाही. इदी अमीनच्या युगांडातून कॉफीने भरलेली अख्खी आगगाडी पळवण्याची ही गोष्ट, आणि तिच्यात युगांडातून परागंदा झालेला भारतीय वंशाचा एक व्यापारीही आहे. अमीनने १९७२ मध्ये नव्वद दिवसांच्या मुदतीत जे आशियाई हाकलले, त्यांत गुजरात्यांबरोबर गोव्याची कुटुंबंही होती, त्यामुळे आपल्यासाठी हा इतिहास अगदीच परका नाही. वेस्टलेक निघाला होता मौजेची दरोडाकथा लिहायला. तिथल्या कत्तलींबद्दल वाचत गेला तशी त्यातली मौज ओसरली, आणि पुस्तक जड, कडवट झालं. कशावर हसू नये हे त्याला समजत होतं.

१९९० मध्ये स्टीव्हन फ्रिअर्सच्या ‘द ग्रिफ्टर्स’साठी त्याने जिम थॉम्प्सनच्या कादंबरीवरून पटकथा लिहिली आणि ऑस्करचं नामांकन मिळवलं. फ्रिअर्सला पटकथेवर नाव हवं होतं रिचर्ड स्टार्कचं. वेस्टलेकने सांगितलं, स्टार्क लेखकांच्या युनियनचा सभासद नाही.

याच दशकात अमेरिकेत नोकरकपातीची लाट होती. यापूर्वी कामगार जायचे ते मंदीत. आता कंपनी नफ्यात असतानाही मधल्या फळीतले अधिकारी घरी पाठवले जाऊ लागले. १९९६ च्या जानेवारीत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने चाळीस हजार पदं कमी करण्याची घोषणा केली. ‘द ॲक्स’चा बर्क डेव्होर हा त्यातलाच: पन्नाशीतला, कागद कारखान्यातला जाणता माणूस, घरावर कर्ज, दोन मुलं. तो कागदधंद्याच्या मासिकात एका नसलेल्या कंपनीची खोटी जाहिरात देतो आणि आलेले अर्ज साहेबाच्या नजरेने वाचतो. आपल्याला मागे टाकतील असे मोजके निवडून त्यांची यादी करतो. हत्यार म्हणजे वडिलांनी दुसऱ्या महायुद्धातून आणलेलं लुगर पिस्तूल. खरे शत्रू ज्यांनी आपल्याला काढलं ते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पण त्यांना मारून नोकरी मिळत नाही, हा त्याचा बिनतोड हिशेब. म्हणून तो मारतो आपल्यासारख्यांना. त्यातला एक आता जेवणघरात काउंटरवर उभा राहतो. डेव्होर त्याच्याशी गप्पा मारतो, माणूस त्याला मनापासून आवडतो, आणि तरी यादीवरून नाव काही खोडलं जात नाही. पार्करचा थंडपणा आणि डॉर्टमंडरचा संसारीपणा इथे एकाच माणसात आला आहे. म्हणून हसू येतं आणि आलं याची लाजही वाटते.

त्याच वर्षी, १९९७ मध्ये, स्टार्क परतला आणि पार्करच्या आणखी आठ कादंबऱ्या आल्या. वेस्टलेक तेव्हाही साध्या स्मिथ-कोरोना टाइपरायटरवरच लिहीत होता. जुनी यंत्रं सुट्या भागांसाठी जमवून ठेवायचा. ३१ डिसेंबर २००८ ला मेक्सिकोत, नववर्षाच्या जेवणाला निघताना, हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. डॉर्टमंडरची चौदावी आणि शेवटची कादंबरी ‘गेट रिअल’ त्यानंतर काही महिन्यांनी आली. तिच्यात टीव्हीवाल्यांना रिअ‍ॅलिटी शोसाठी खऱ्या चोरांची खरी चोरी चित्रित करायची असते. डॉर्टमंडरची टोळी कॅमेऱ्यासमोर काम करायला तयार होते, आणि त्याच वेळी त्या कंपनीची रोकड कुठे ठेवलेली असते याचा शोध घेऊ लागते.