तापी खोऱ्यातील केळी आणि भूजल

खानदेशात तापीच्या काठाने केळीचे पीक आणि त्यासाठी होणारा भूजलाचा उपसा यांचे जे नाते गेल्या काही दशकांत तयार झाले, त्याविषयीची ही नोंद. मुख्य प्रदेश जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांचा. त्याला लागून मुक्ताईनगर, भुसावळ आणि सीमेपलीकडचा बऱ्हाणपूर जिल्हा येतो. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी तिथेच होती, आणि जमिनीखालचे पाणी राज्याची हद्द पाहून वाहत नाही. शेतीशास्त्राचे जवळजवळ प्रत्येक नवे साधन या पट्ट्यात लवकर पोचले आणि रुजले. त्याच पट्ट्यातील रावेर आणि यावल हे तालुके सरकारी भूजल मूल्यांकनात ‘अतिशोषित’, म्हणजे जितके पाणी मुरते त्याहून जास्त उपसले जाते अशा, वर्गात गणले गेले आहेत.

भूरचना : खानदेशचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या खडकाचा. तापीच्या उत्तरेला मात्र चित्र वेगळे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी मोठा प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याची रेषा, असून त्याच्या दक्षिणेचा खचलेला भाग नदीने आणलेल्या गाळाने भरला आहे. वाळू, रेती आणि पिवळ्या चिकणमातीचे थर एकावर एक बसलेल्या या गाळाची जाडी काही ठिकाणी 300 मीटरहून अधिक आहे. नांगराला दगड लागत नाही अशी ही जमीन, आणि तिच्याखाली पाण्याचा प्रचंड साठा.

हा साठा भरतो कसा, हे कळल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. शेतात पडलेला पाऊस चिकणमातीच्या थरांमुळे सरळ खाली फारसा जात नाही. पाणी शिरते ते डोंगराच्या पायथ्याच्या अरुंद पट्ट्यातून. सुकी, भोकर, मोर, गूळ, अनेर या नद्या सातपुड्यातून उतरताना दगडगोट्यांचा जो पसारा टाकत आल्या, त्याला भूशास्त्रात ‘बझाडा’ म्हणतात. जळगावकडच्या वर्तमानपत्रांमुळे हा शब्द इथल्या शेतकऱ्यांच्याही तोंडी बसला आहे. पावसाळ्यात दुथडी वाहणारी नदी या गोट्यांत शिरली की काही अंतरात तिचे पाणी कमी होत जाते. ते जमिनीखालून दक्षिणेला, तापीच्या दिशेने सरकते.

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा याच हालचालीवर उभा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, मोगल अमदानीत, सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी भूमिगत बोगद्यांत गोळा करून ते केवळ उताराच्या जोरावर शहरात नेण्यात आले. बोगद्यावर ओळीने कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी आहेत. उपसायला यंत्र नसल्यामुळे जेवढे झिरपेल तेवढेच मिळे. भूजलाची दिशा ओळखून केलेले हे काम पाहिले, की इथल्या पाण्याचा अभ्यास विसाव्या शतकात सुरू झाला असे म्हणवत नाही.

पीक : केळीला वर्षभरात साधारण 1,800 ते 2,200 मिलिमीटर पाणी लागते असे धरले जाते. जळगाव जिल्ह्याचा सरासरी पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, थंडीत वाढ थांबते, वळवाच्या वाऱ्यात उभी बाग आडवी होते. तरीही हे पीक इथे का वाढले, याचे उत्तर जमिनीखाली आहे. दुसरे उत्तर रेल्वेचे. भुसावळ-खंडवा मार्गावरील सावदा आणि रावेर ही स्थानके उत्तर भारताच्या बाजारासाठी केळी भरण्याची ठिकाणे झाली.

लागवडीचे दोन मुख्य हंगाम आहेत. जून-जुलैची मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग. बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी हे वाण पूर्वी मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, खणून, बेणे म्हणून लावत. घड कापणीला यायला सोळा ते अठरा महिने लागत. पाणी पाटाने, सरीतून किंवा वाफ्यातून दिले जाई. जळगावात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र आहे. ‘जळगाव केळी’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाच्या नावाची कायदेशीर ओळख, मिळाले आणि 2021 मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला निर्यात झाली.

1990 च्या दशकात ग्रँड नैन या वाणाची टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली, रोपे आली आणि शेतीचे वेळापत्रकच बदलले. सगळी रोपे एका वयाची, एका उंचीची. निसवण, म्हणजे घड बाहेर पडणे, जवळजवळ एकदम होते, कापणीही एकदम, आणि तीही अकरा-बारा महिन्यांत. याच काळात ठिबक पसरले. भवरलाल जैन यांनी जळगावात उभी केलेली जैन इरिगेशन ही कंपनी टिश्यूकल्चर आणि ठिबक या दोन्हींच्या प्रसारात आघाडीवर होती. या शहराइतके ‘ठिबक’ हे नाव दुसऱ्या कुठल्या गावाला चिकटलेले नसेल.

ठिबकचा हिशोब : पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी 1,742 झाडे बसतात. उन्हाळ्यात भरात आलेल्या झाडाला दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी द्यावे लागते. म्हणजे एकराला रोज सुमारे 35 हजार लिटर. पाटपाण्याच्या तुलनेत हा आकडा पुष्कळ कमी आहे, यात वाद नाही. खतही नळीतूनच झाडाच्या मुळाशी जाते, तण कमी होते, रात्रीच्या लाइटवर दारे धरायला, म्हणजे पाटाचे पाणी वळवायला, जाण्याचा त्रास वाचतो. विंचूकाट्यात, अंधारात, फावडे घेऊन बारे देणाऱ्या माणसाला या शेवटच्या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पण वाचलेले पाणी गेले कुठे? बहुतेक ठिकाणी ते शेजारच्या शेतात गेले. ज्या ट्यूबवेलवर चार एकर केळी होत होती, तिच्यावर सात-आठ एकर होऊ लागली. पूर्वी कपाशी किंवा ज्वारी असलेल्या तुकड्यातही नळ्या पसरल्या. झाडामागे खर्च कमी झाला आणि झाडे वाढली, त्यामुळे एकूण उपसा खाली यायचे कारणच उरले नाही.

दुसरी बाब कमी लोकांच्या लक्षात येते. पाटाने दिलेल्या पाण्याचा एक भाग मुळांच्या खाली उतरून पुन्हा भूजलाला मिळत असे. जलशास्त्रात त्याला परतीचे पाणी म्हणतात. चिकणमातीचे थर जाड आहेत तिथे ते थोडे, वाळूचा भाग आहे तिथे जास्त. ठिबकने हे परतीचे पाणी जवळजवळ बंद झाले. झाडाच्या पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी मात्र ठिबकने फारसे घटत नाही, कारण तेवढे प्यायल्याशिवाय घड भरत नाही. शेताच्या बांधावर मोजलेली बचत आणि साठ्यात खरोखर उरलेले पाणी ही दोन वेगळी मापे आहेत. अनुदानाच्या कागदावर पहिलेच माप असते. ठिबकविरुद्ध हा आक्षेप नाही. ठिबकबरोबर लागवडीची काही मर्यादा यायला हवी होती, ती आली नाही, एवढेच.

खाली जाणारी पातळी गावात दिसते ती पाइपाच्या संख्येत. सबमर्सिबल मोटार वीस-वीस फुटांच्या पाइपांना जोडून सोडलेली असते. पाणी तुटायला लागले की तिवई उभी करून, चेनपुलीने पाइप एकेक वर ओढतात, मोटार जमिनीवर घेतात, केबल वाढवतात आणि आणखी दोन-तीन पाइप जोडून पुन्हा खाली सोडतात. गावच्या वायरमनला कोणाच्या ट्यूबवेलमध्ये किती पाइप आहेत हे पाठ असते. एका हंगामात पाइप वाढले की शेजाऱ्याचेही वाढतात, आणि ज्याची ऐपत नाही त्याची विहीर कोरडी पडते. गावातल्या जुन्या बांधीव विहिरी अशाच बाद झाल्या. महसूल मंडळनिहाय हवामानावर आधारित केळी विमा ऊन, थंडी आणि वाऱ्याचे नुकसान धरतो. पाणीपातळी उतरल्याचे धरत नाही.

इतर परिणाम : एकाच वाणाची, एकाच वयाची शेते मैलोन् मैल असली की रोगालाही सोपे जाते. मावा किडीमुळे पसरणारा काकडी मोझॅक विषाणू, ज्याला इथे हरण्या म्हणतात, ढगाळ पावसाळ्यात कोवळ्या मृगबागा उपटायला लावतो. बांधावरचे वेलवर्गीय पीक आणि तण हे त्याचे आश्रयस्थान. पाने करपवणाऱ्या करपा रोगासाठी फवारण्या वाढल्या. घडाला घालायच्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाद ठिबक नळ्या नाल्याकाठी दिसतात; नळ्या निदान भंगारवाला नेतो. कापणीनंतरची खोडे पूर्वी रस्त्याच्या कडेला टाकत, आता काही जण ती कुट्टी करून जमिनीत घालतात किंवा धाग्यासाठी देतात.

पुनर्भरणाचे प्रयत्न : केंद्रीय भूजल मंडळाने यावल तालुक्यात पाझर तलाव आणि पुनर्भरण शाफ्ट यांचे प्रायोगिक काम केले. शाफ्ट म्हणजे गाळाचे घट्ट थर भेदून खालच्या वाळूपर्यंत नेलेला खड्डा, त्यात तळाशी गोटे, वर खडी, त्यावर वाळू. तत्त्व साधे आहे. अडचण गढूळ पाण्याची. पहिल्या पुराबरोबर आलेली बारीक माती वाळूच्या थरावर साय धरते आणि पाणी वरच तुंबते. दरवर्षी वरची वाळू काढून धुऊन टाकली तरच शाफ्ट चालतो. बांधकामाला निधी मिळतो, वाळू धुवायला मिळत नाही, आणि अशी कितीतरी कामे पाटीपुरती उरतात.

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात 2004 पासून झालेले काम अधिक गाजले. भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने नाले रुंद आणि खोल केले, त्यांच्यावर दारे नसलेले सिमेंट बंधारे ओळीने बांधले. गाळाच्या भागात वरचा चिकणमातीचा थर काढून वाळू उघडी करायची, खडकाच्या भागात भेगांपर्यंत जायचे, असे त्यांचे सूत्र. आटलेल्या विहिरींतही जादा पाणी सोडले. आसपासच्या विहिरींना पाणी आले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर पोचला. आक्षेपही आले. खोल खणलेल्या नाल्यात भूजलच उघडे पडून त्याची वाफ होते, वरच्या गावाने अडवलेले पाणी खालच्या गावाला मिळत नाही, आणि शिरपूरची भूरचना नसलेल्या ठिकाणी हीच खोदाई निव्वळ जेसीबीचे काम ठरते. यांतला तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण नक्कल करणाऱ्यांनी भूशास्त्र वगळून यंत्र तेवढे उचलले.

डोंगरावरचे झाड टिकले तर नदी पावसाळ्यानंतरही काही काळ वाहते आणि गाळ कमी आणते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने 1990 च्या दशकापासून स्वतःच्या नियमांनी जंगल राखले. चैत्राम पवार यांना या कामासाठी 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाडा केळीच्या पट्ट्यातले नाही, पण सातपुड्याच्या उतारांवर काय करता येईल याचा जवळचा दाखला तेच देते.

वाटपाची रीत : पाणी वाटून घेण्याची पद्धत खानदेशाला नवी नाही. पांझरा आणि कान नद्यांवर, तसेच बागलाणातील मोसम-आरमच्या काठाने, काही शतके फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाण्याची पाळी पाटकऱ्याने ठरवायची, राखणीला जागल्या. पाणी कमी पडले तर एखादा फड त्या वर्षी कोरडवाहू राहायचा आणि तो निर्णय सर्वांना बांधून असे. पांझरेवरची ही रीत खिळखिळी झाली तिला अनेक कारणे आहेत. त्यांतले एक विहीर आणि मोटार. ज्याच्या शेतात स्वतःचे पाणी आले त्याला पाळीची गरज राहिली नाही.

भूजलाच्या बाबतीत असा फड कधी नव्हताच. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 हा कायदा 2014 मध्ये अमलात आला. त्यात 60 मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत, अधिसूचित क्षेत्रातील पिकांच्या नियोजनाची तरतूद आहे. रावेर-यावलच्या शिवारात उभ्या राहणाऱ्या बोअरच्या गाड्या पाहता या तरतुदी किती पोचल्या हे कळते. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल माफ झाले. शेतकऱ्याला दिलासा खरा. पण पंप एक तास जास्त चालवण्याची जी थोडीफार किंमत होती, तीही त्यामुळे उरली नाही.

महापुनर्भरण योजना : तापीचे पुराचे पाणी मध्य प्रदेशाच्या सीमेवरील खरिया गुटी घाट येथे बंधारा घालून वळवायचे, आणि डोंगराच्या कडेने जाणाऱ्या कालव्यांतून बझाड्याच्या गोट्यांत सोडायचे, अशी ही कल्पना. आधी मोठ्या धरणाचा विचार होता; त्यात वनजमीन आणि गावे बुडाली असती म्हणून तो सोडला. 10 मे 2025 रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी सामंजस्य करार केला. एकूण 31.13 अब्ज घनफूट पाण्यापैकी 11.76 मध्य प्रदेशाला आणि 19.36 महाराष्ट्राला, असे वाटप त्यात आहे. शास्त्राच्या दृष्टीने जागा अचूक निवडली आहे, कारण साठ्याचे तोंड तिथेच आहे. शाफ्टला नडलेली गढूळ पाण्याची अडचण मात्र इथेही येणार, कारण पुराचे पाणी स्वच्छ नसते. दोन राज्यांत पाणी अब्ज घनफुटांत वाटले गेले आहे. ते गोट्यांत शिरून खाली सरकल्यावर त्याला पाळी लावणारा पाटकरी नाही, आणि ज्याचे पाइप सर्वांत खाली त्याच्या ट्यूबवेलला ते आधी लागेल.