बिलाची चौकट, 'य'ची रांग आणि युनिकोडमधले ठोकळे

इंदूरच्या कापड बाजारातील आमच्या जुन्या दुकानाची, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढलेली काही बिले अजून घरी आहेत. दुकानाच्या नावाभोवती दुहेरी रेघांची जी चौकट त्यांवर दिसते, ती चित्र म्हणून नव्हे, तर अक्षरांसारखीच एकेक चिन्ह टाइप करून काढलेली आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या २५६ चिन्हांच्या तक्त्यात १७६ ते २२३ हे क्रमांक छटा, रेघा आणि ठोकळे यांना दिलेले होते व आडव्या दुहेरी रेघेचा क्रमांक २०५ होता.

अडचण अशी, की १२७ नंतरचे क्रमांक ज्याने त्याने आपापल्या सोयीने वापरले. विंडोजच्या पश्चिम युरोपीय तक्त्यात २०५ म्हणजे डोक्यावर तिरकी खूण असलेला रोमन 'आय'. आणि १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात, गंमत म्हणजे, 'य'. त्यामुळे बिलाची तीच फाईल इस्कीच्या तक्त्याने वाचली, तर चौकटीची वरची कड 'यययय' अशी उमटते.

जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या, त्याच वर्षी आलेल्या पहिल्या आवृत्तीने हा गोंधळ मिटवताना रेघेला ९५५२ आणि 'य'ला २३५१ असे स्वतंत्र क्रमांक दिले. आयबीएमच्या रेघा व ठोकळे अशा रीतीने आरंभीच आत आले; घरगुती संगणकांची चिन्हे मात्र बहुतांशी बाहेर राहिली.

त्यांत १९७७ चा टीआरएस-८० विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. स्मृती महाग असल्याने त्याच्या ६४ स्तंभ व १६ ओळींच्या पडद्याला अवघे १,०२४ बाइट वाट्याला येत. परंतु प्रत्येक अक्षराच्या घरात दोन आडवे व तीन उभे असे सहा चौकोन कल्पून, त्यांच्या उजेड-अंधाराच्या ६४ जुळण्यांना एकेक क्रमांक दिल्यामुळे त्याच जागेत १२८ बाय ४८ ठिपक्यांचे चित्र बसे. टीव्हीच्या पडद्यावर मजकुराची पाने दाखवणाऱ्या टेलिटेक्स्ट सेवेनेही हीच सहा चौकोनांची रचना वापरली.

जुन्या फाईली नव्या संगणकावर नेऊन काहीही न गमावता परत आणता याव्यात, या हेतूने २०१९ साली या चिन्हांचा प्रस्ताव युनिकोडकडे गेला आणि मार्च २०२० च्या १३.० आवृत्तीत २१२ चिन्हांचा नवा गट आला. त्यात सहा चौकोनांच्या जुळण्या ६४ नसून ६० आहेत. कारण कोरे घर, पूर्ण ठोकळा, डावा अर्धा आणि उजवा अर्धा ही चार चिन्हे युनिकोडमध्ये आधीपासूनच होती. सप्टेंबर २०२४ च्या १६.० आवृत्तीने पुरवणी गटात आणखी ६८६ चिन्हे घातली, त्यांपैकी २३० आठ चौकोनांच्या जुळण्यांची आहेत.