डॅक : घरगुती स्टिरिओसाठी निवड

डॅक म्हणजे आकड्यांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीचे ॲम्प्लिफायरला देता येईल अशा विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, सीडी प्लेअर या सगळ्यांत ते चिपच्या स्वरूपात आधीपासून असते. स्टिरिओसाठी वेगळा विकत घेतला जातो तो डॅक म्हणजे बहुधा एक छोटासा डबा. एका बाजूने यूएसबी, ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल केबल आत जाते, दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या आरसीए पिनांची जोडी ॲम्पकडे जाते. हा डबा बदलून पैसे वसूल होतात की नाही, हे आधीच्या डॅकमध्ये बोट ठेवून दाखवता येईल असा दोष आहे का, यावर ठरते. दोष असेल तर थोड्या खर्चातही मोठा फरक पडतो. नसेल तर कितीही महाग डॅक आणला तरी स्पीकरमधून जवळजवळ तेच ऐकू येते.

सीडी १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली. तिच्यावर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीच्या उंचीच्या नोंदी, असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. सोनीच्या सीडीपी-१०१ या पहिल्या प्लेअरमध्ये एकच १६ बिटी डॅक डाव्या आणि उजव्या चॅनेलसाठी आळीपाळीने वापरला होता. फिलिप्सकडे तेव्हा १४ बिटी चिप होती. नमुन्यांचा वेग चौपट करून त्या कंपनीने तिच्याकडून १६ बिटांच्या जवळपासचे काम करून घेतले. ओव्हरसॅम्पलिंगची ही युक्ती पुढे सगळ्यांनीच उचलली. आजचे बहुतेक डॅक डेल्टा-सिग्मा पद्धतीचे आहेत. नमुन्यांचा वेग अनेक पटींनी वाढवायचा, थोड्याच पातळ्यांत काम भागवायचे आणि त्यातून होणारा गोंगाट कानाच्या पल्ल्याबाहेर ढकलायचा, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे जे काम एके काळी अत्यंत काटेकोर जुळवणीचे आणि म्हणून महाग होते, ते आज स्वस्त चिपही उत्तम करते. डॅकच्या निवडीबद्दल आजही जे सल्ले फिरतात, त्यांतले बरेच त्या जुन्या काळातले आहेत.

१६ बिटांत साधारण ९६ डेसिबलचा आवाका, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजांतले अंतर, मावतो. बेताच्या किमतीचे चांगले डॅक आज ११० डेसिबलच्या पुढे सहज जातात. २४ बिटांच्या हिशेबाने येणारा १४४ डेसिबलचा आकडा प्रत्यक्षात गाठणे डॅकच्या ॲनालॉग भागाला जमत नाही, आणि घरात त्याची गरजही नसते. रात्रीच्या शांत खोलीतसुद्धा पंखा, फ्रिज आणि रस्ता यांचा आवाज असतोच. विकृतीचे, म्हणजे उपकरणाने मूळ ध्वनीत केलेल्या बिघाडाचेही तसेच. चांगल्या डॅकची विकृती ०.००१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. मोठ्या आवाजात खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरची एक टक्का किंवा त्याहून जास्त असू शकते.

ऐकण्याच्या चाचण्याही याच दिशेने बोट दाखवतात. २००७ मध्ये ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी उच्च दर्जाच्या डिस्कचा ध्वनी थेट आणि मधल्यामध्ये सीडीच्या दर्जाला उतरवून, असा दोन्ही प्रकारे श्रोत्यांना ऐकवला. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरे निम्मीच आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखी. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि प्रशिक्षित श्रोत्यांचे त्याहून अधिक. फरक आहे, पण तो इतका बारीक आहे. म्हणूनच खोक्यावर नमुन्यांचा दर ‘३८४ किलोहर्ट्झ’ किंवा ‘७६८ किलोहर्ट्झ’ लिहिले आहे एवढ्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आता खरे दोष. पहिला आणि सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे गुणगुण. लॅपटॉप यूएसबीने डॅकला जोडला, डॅक ॲम्पला जोडला, की स्पीकरमधून ५० हर्ट्झची घुमणारी किंवा तिच्याहून चढी, करकरीत गुणगुण येते. माउस हलवला की तिच्यात चिवचिव मिसळते. अशा वेळी नवा डॅक मागवण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. आवाज थांबला तर दोष डॅकच्या चिपमध्ये नाही. चार्जर, लॅपटॉप आणि ॲम्प यांच्या अर्थिंगमधून तयार झालेला तो लूप आहे. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे ती वापरली की हा लूप तुटतो. ज्या लॅपटॉपला ऑप्टिकल नाही, त्याच्यासाठी यूएसबी आयसोलेटर मिळतो. आपल्याकडे अनेक घरांत अर्थिंगची वायरच धड जोडलेली नसते. तीन पिनांचा प्लग असूनही हा त्रास होतो तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

दुसरा दोष कमी आउटपुटचा. सीडी प्लेअरपासून चालत आलेला प्रघात असा की पूर्ण आवाजात लाइन-आउटवर, म्हणजे ॲम्पकडे जाणाऱ्या जोडणीवर, २ व्होल्ट मिळावेत. मोबाइलला लावायचे छोटे यूएसबी-सी ॲडॉप्टर हेसुद्धा डॅकच असतात आणि त्यांतले काही मोजमापात फार चांगले ठरतात, पण त्यांतून बहुधा १ व्होल्ट किंवा त्याहून कमी मिळते. मग ॲम्पचा नॉब जास्त फिरवावा लागतो आणि ॲम्पची स्वतःची सूंऽऽ कानावर येते. अशा ठिकाणी २ व्होल्ट देणारा साधा टेबलावरचा डॅक घेणे हा खरोखर उपयोगाचा बदल आहे.

तिसरा प्रश्न जोडणीचा. टीव्ही ऑप्टिकलने डॅकला जोडायचा असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’, म्हणजे साधा, न दाबलेला डिजिटल ध्वनी, असे करावे लागते. स्टिरिओ डॅकला सहसा डॉल्बी डिजिटल उलगडता येत नाही, आणि मग डॅक बिघडला असे समजून तो दुकानात परत जातो. विंडोजवर नमुन्यांच्या वरच्या दरांसाठी २०१७ पूर्वी कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागे, विंडोज १० च्या त्या वर्षीच्या आवृत्तीपासून तो अंगभूत आला. यूएसबीच्या बाबतीत ‘असिंक्रोनस’ ही पद्धत असलेला डॅक घ्यावा. त्यात वेळेचे घड्याळ डॅकचे असते आणि संगणकाने त्याच्या तालावर माहिती पुरवायची असते. आज बहुतेक नव्या डॅकमध्ये ही सोय असते, त्यामुळे जिटरच्या, म्हणजे नमुन्यांच्या वेळेत होणाऱ्या बारीक चुकीच्या, नावाने महाग केबल खपवणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

एक जागा मात्र अशी की जिथे डॅकवरचा खर्च पूर्ण वाया जातो. अनेक एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचे ॲम्प) आणि बरेच ॲक्टिव्ह स्पीकर (आतच ॲम्प असलेले) आरसीएतून आलेला ॲनालॉग ध्वनी पुन्हा डिजिटल करतात, त्यावर खोलीची दुरुस्ती (खोलीमुळे बिघडणारा आवाज सुधारणे) आणि सबवूफरची विभागणी (खर्ज वेगळा काढून सबवूफरकडे पाठवणे) करतात, आणि शेवटी स्वतःच्या डॅकमधून बाहेर काढतात. बाहेरच्या डॅकने केलेले काम तिथे पुसले जाते. रिसीव्हरमध्ये ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ मोड असेल तर ते बहुधा टळते, पण मग खोलीची दुरुस्तीही जाते, आणि खर्जाच्या बाबतीत ती दुरुस्ती कोणत्याही डॅकपेक्षा मोलाची असते. इथे थेट डिजिटल केबल जोडावी.

काही डॅकचा आवाज खरोखरच वेगळा असतो. ओव्हरसॅम्पलिंगविना चालणाऱ्या डॅकमध्ये ४४.१ किलोहर्ट्झच्या ध्वनीला २० किलोहर्ट्झपाशी सुमारे ३ डेसिबलची उतरण येते, आणि व्हॅक्यूम ट्यूब बसवलेल्या डॅकमध्ये मुद्दाम राखलेली विकृती असते. तो मऊपणा एखाद्याला आवडला तर जरूर घ्यावा. मात्र तंबोऱ्याच्या जवारीत किंवा तबल्याच्या चाटेवर ‘जास्त तपशील’ दिसू लागला असे त्याचे वर्णन करणे चुकीचे आहे. तपशील वाढलेला नसतो, रंग बदललेला असतो. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या जुन्या गायकीला तर सुईची खरखर आणि त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची मर्यादा आधीच लागलेली असते, ती कुठलाही डॅक उठवू शकत नाही. उलट, अगदी कमाल पातळीपर्यंत चढवून मास्टर केलेल्या आजच्या गाण्यांत दोन नमुन्यांच्या मधला उंचवटा मर्यादेबाहेर जातो आणि काही डॅक तिथे फाटतात. बेंचमार्क या कंपनीच्या डॅक२ आणि डॅक३मध्ये यासाठी ३.५ डेसिबलची मोकळी जागा ठेवली आहे. इतर डॅकमध्ये प्लेअरचा आवाज ३-४ डेसिबल खाली ठेवला की काम होते, आणि त्याला खर्च शून्य.

दोन डॅकची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करणे अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज माणसाला ‘अधिक चांगला’ वाटतो, ‘अधिक मोठा’ वाटत नाही. ४ व्होल्ट देणारा बॅलन्स्ड (प्रत्येक चॅनेलसाठी दोन उलट संकेत पाठवणारा) डॅक २ व्होल्टवाल्याहून ६ डेसिबल मोठा वाजतो, आणि दुकानातल्या बहुतेक ‘चमत्कारां’चे मूळ इथे असते. १०० हर्ट्झचा एकसारखा सूर बेताच्या आवाजात लावावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना स्पीकरच्या टर्मिनलांवर, एकमेकींना न लागता, टेकवाव्यात आणि दोन्ही डॅक जोडून आकडा जुळवावा. एकावर २.०० व्होल्ट आणि दुसऱ्यावर २.०२ म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत, तेवढे पुरेसे आहे. मग घरातल्या दुसऱ्या कुणी तरी डॅक बदलत राहावे आणि ऐकणाऱ्याने न बघता कोणता वाजतो आहे ते लिहावे. दहा फेऱ्यांत पाच-सहा उत्तरे नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात. नऊ किंवा दहा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे एक टक्का असते, तेव्हा तितकी आली तर नवा डॅक ठेवून घ्यावा.