टेस्टोस्टेरॉन पूरक उपचारातील रक्ततपासणी

वृषणांतून टेस्टोस्टेरॉन पुरेसे न स्रवणाऱ्या पुरुषांना हे संप्रेरक इंजेक्शन, जेल, पट्टी किंवा गोळीच्या रूपाने दिले जाते. त्याची मात्रा बरोबर बसली आहे का आणि त्यापासून अपाय तर होत नाही ना, हे ठरावीक काळाने रक्त तपासून पाहिले जाते. उपचाराआधीच्या नोंदी हा या तपासण्यांचा पाया असतो. टेस्टोस्टेरॉनची पातळी पहाटे-सकाळी सर्वाधिक असून दिवसभरात उतरत जाते, म्हणून निदानासाठी सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त घेतात. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा सुचवली; त्याखालची पातळी कमी मानली जाते. मात्र लक्षणे नसताना केवळ कमी आकड्यावरून उपचार सुरू करणे योग्य मानले जात नाही.

उपचार सुरू झाल्यावर रक्त कोणत्या वेळी घेतले, यावर आकड्याचा अर्थ ठरतो, आणि अहवाल वाचताना नेमकी हीच बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. एनँथेट किंवा सायपिओनेट या प्रकारच्या इंजेक्शनानंतर पातळी काही दिवसांत उंचावते आणि पुढच्या इंजेक्शनापर्यंत घसरत जाते. त्यामुळे एकाच रुग्णाचा, एकाच मात्रेवरचा अहवाल तिसऱ्या दिवशी जास्त आणि चौदाव्या दिवशी कमी येऊ शकतो. म्हणून रक्त दोन इंजेक्शनांच्या मधोमध घेतात आणि पातळी निरोगी पुरुषांच्या कक्षेच्या मध्यभागी असावी अशी अपेक्षा ठेवतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या अनडेकॅनोएट इंजेक्शनाच्या बाबतीत मात्र पुढची मात्रा देण्याच्या लगेच आधी तपासणी होते. जेल वापरणाऱ्यांचे रक्त, किमान आठवडाभर जेल लावल्यानंतर, त्या दिवशीचे जेल लावल्यापासून 2 ते 8 तासांनी घेतात. ज्या दंडाला जेल लावले त्याच हाताच्या शिरेतून रक्त काढल्यास त्वचेवरचा औषधाचा अंश सुईबरोबर नमुन्यात उतरतो आणि पातळी खोटी वाढलेली दिसते.

रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते, मुक्त भाग जेमतेम 2 ते 3 टक्के असतो. स्थूलतेत संप्रेरक बांधणारे ग्लोब्युलिन हे प्रथिन घटते आणि वयोमानानुसार ते वाढते. अशा वेळी एकूण आकडा फसवा ठरतो व मुक्त पातळी काढावी लागते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यापेक्षा हिमॅटोक्रिट अधिक मोलाचे आहे. रक्ताची नळी यंत्रात वेगाने फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात. एकूण स्तंभातील त्या थराचा वाटा म्हणजे हिमॅटोक्रिट. टेस्टोस्टेरॉन हे तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना देणारे एरिथ्रोपॉएटिन वाढवते आणि लोहाला अडवून धरणारे हेप्सिडिन दाबते, त्यामुळे तांबड्या पेशींची निर्मिती वाढून रक्त दाट होते. इंजेक्शनांमध्ये हा परिणाम जेलपेक्षा अधिक आढळतो. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांच्या वर गेल्यास उपचार थांबवतात आणि ते सुरक्षित पातळीवर उतरल्यावर मात्रा कमी करून पुन्हा सुरू करतात; दरम्यान ऑक्सिजनची कमतरता आणि झोपेतील श्वासरोध यांचाही शोध घेतला जातो. शरीरात पाणी कमी असतानाही हा आकडा वाढलेला दिसतो, त्यामुळे तपासणी पुन्हा करून पाहणे इष्ट.

चाळिशीनंतर पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाच्या चाचणीची जोड दिली जाते. पहिल्या वर्षात पीएसए 1.4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा अधिक वाढल्यास आणि फेरतपासणीतही ती वाढ टिकल्यास मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला घेतात. फिनास्टेराइड हे प्रोस्टेटवाढीवरचे व केसगळतीवरचे औषध घेणाऱ्यांत पीएसए सुमारे निम्म्यावर येते, म्हणून ते औषध चालू असल्याची नोंद अहवालासोबत असायला हवी. यकृताच्या चाचण्यांचा आग्रह मुख्यतः यकृताला अपाय करू शकणाऱ्या जुन्या, मिथाइल गटयुक्त गोळ्यांमुळे रूढ झाला. इंजेक्शन किंवा जेलसाठी त्यांचे तेवढे महत्त्व नाही.

पहिली फेरतपासणी साधारण 3 ते 6 महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा होते. मात्रा बदलल्यास ती लवकर करतात. बाहेरून दिलेल्या संप्रेरकामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतील एलएच व एफएसएच ही वृषणांना चालना देणारी संप्रेरके दबतात आणि शुक्राणुनिर्मितीही घटते, म्हणून उपचार चालू असताना एलएच कमी आल्यास त्याला नवा आजार समजू नये. मूल हवे असलेल्या पुरुषांना हा उपचार सहसा देत नाहीत.